देवचाराची पोर्शे

भावजींचे पाय वाचवण्यासाठी आम्हाला त्यांचा एक पाय मोडावा लागला. यात काहीतरी विसंगत आहे असं फौजदाराला वाटलं. त्याने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. मग त्याने चहा मागवला आणि मी त्याला पहिल्यापासून सांगायला बसलो. पुढचे दोन दात नुकतेच गेले होते, त्यामुळे अर्धं त्याला कळलं नसावं. इथे नीट सांगतो.

माझी थोरली बहीण विनोदिनी. तिला आम्ही बाय म्हणतो. तिचं सासर आमोण्याला. तिचे यजमान गोकुळदास गावस, खनिज वाहणाऱ्या टिपरांचे मालक. माणूस शांत. म्हणजे टिपरांच्या बाबतीत शांत. कुणी टिपर ठोकला तर ते ‘चलताच’ म्हणून सोडून देत. टिपर ठोकण्यासाठीच असतो असं त्यांचं मत होतं. पण घरात एक काचेचं कपाट होतं, देव्हाऱ्याहून उंच, आणि त्यात जुन्या शर्यतींच्या मोटारी होत्या. खऱ्या नव्हेत. खरीच्या अठराव्या हिश्श्याच्या, धातूच्या. दारं उघडायची, चाकं वळायची, बॉनेट उचललं तर आत इंजिनाच्या वायरीसुद्धा दिसायच्या. लाल फेरारी, हिरवी जॅग्वार, चंदेरी मर्सिडीज. यांना कुणी हात लावला तर भावजी शांत राहत नसत.

एकदा डिचोलीचा वायरमन पंखा बसवायला आला होता. स्टुलावरून उतरताना त्याचा तोल गेला आणि आधारासाठी त्याने उघड्या कपाटातल्या फेरारीचं छप्पर धरलं. भावजी त्याला चावले. कानाला. वायरमन कान शिवून घेऊन उरलेलं काम पुरं करायला परत आला, कारण तो प्रामाणिक होता. पण पुढे त्या कपाटाजवळून जाताना तो हात पाठीमागे धरून जाई, देवळात गेल्यासारखा.

या सगळ्या चकचकीत गाड्यांत एकच गाडी घाणेरडी होती. पोर्शे, तेवीस नंबरची, लाल-पांढरी. १९७० साली फ्रान्समध्ये चोवीस तासांची शर्यत पावसात झाली आणि ती हिने जिंकली. जिंकून थांबली त्या घटकेला तिच्या अंगावर जो काही चिखल होता, तो सगळा कुणा कारागिराने बारीक ब्रशाने या लहान गाडीवर रंगवला होता. चाकांवर काजळी, दारांवर तेलाचे ओघळ, काचेवर मेलेले किडे. अशा मोजक्याच निघाल्या. भावजींचा एक दोस्त तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. त्याने ती हॅम्बुर्गहून विमानात मांडीवर धरून आणली. भावजींनी तिला वरचा कप्पा एकटीला दिला. त्याआधी त्या कप्प्यात त्यांच्या लग्नाचा फोटो असायचा.

मग एक दिवस टिपरचा हौदा त्यांच्या पायांवर पडला.

हौदा वर उचललेला होता आणि भावजी खाली शिरून पंपातली गळती शोधत होते. गळती सापडली. म्हणजे हौदा खाली आला. हाडांचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला; शेजारीण म्हणाली, मला वाटलं कुणी शहाळी फोडतंय. बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टरांनी हातात होतं ते सगळं केलं. उजव्या मांडीत सळी घातली, डावा पाय पट्ट्या आणि स्क्रू लावून जुळवला, आणि सांगितलं की आता वाट बघायची.

बायला वाट बघणं जमत नाही. ती बस पकडून माहेरी आली, आमच्या चोपड्याला, आणि तडक शिमेवरच्या, म्हणजे गावाच्या वेशीवरच्या, देवचाराकडे गेली.

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. नदीकाठी, शिमेच्या दगडापाशी, एका जुन्या झाडाखाली चिऱ्यांची पेडी, म्हणजे ओटा आहे, ती त्याची जागा. तो रोज रात्री हातात काठी घेऊन गावाची शीम चालतो. चालून वहाणा झिजतात, म्हणून गाव त्याला दर वर्षी नव्या कातडी वहाणा देतं, सुपाएवढ्या. वर्षाने बघावं तर तळ झिजलेले. ते कोण झिजवतं हे बघायला थांबलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

“आमोण्याकय राखणदार आसा मगो,” आमचा मोठा भाऊ सगुणदादा बायला म्हणाला. दादा नदीत होडी घालतो, मासे मारतो.

“थंयच्याची आणि माझी वळख नाय,” बाय म्हणाली. “हो माका ल्हानपणापासून वळखता.”

देवचाराशी बोलायचं तर सखाराम घाडी लागतो. आम्ही त्याला आबा म्हणतो. गाऱ्हाणं घालण्याचं काम त्याच्या घराण्याकडे आहे आणि देवचार थोडा बहिरा असावा अशा आवाजात तो ते घालतो. बायने सांगितलं, आबाने पोचवलं.

“बा म्हाराजा, ह्या तुझ्या चेडवाचो घोव हाथरुणाक लागलो आसा. तेका दोनय पायांर उबो कर.”

“व्हय म्हाराजा,” दादा आणि मी मागून म्हणालो.

“तो चलाक लागलो, तर तुका चलाची पाळी येवची नाय. घरातली एक गाडी ती तुझ्या पायाकडे आणून ठेयतली. तू तेका पाय दी, ती तुका चाकां दिता.”

“व्हय म्हाराजा.”

इतका स्वच्छ करार मी पेडण्याच्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातही कधी केलेला नाही. परत येताना दादाने विचारलं, “टिपर देतलंस?” बाय पुढे चालू लागली.

पुढे कित्येक महिने ती भावजींचे पाय तेलाने चोळत राहिली. सकाळी आणि तिन्हीसांजेला. भावजी ओरडत, शिव्या देत, एकदा त्यांनी तेलाची वाटी तिच्या कपाळावर मारली. तिने कपाळ पुसलं आणि तेच तेल परत पायाला लावलं. चतुर्थीला भावजी काठीने उभे राहिले. विसर्जनाला ते स्वतःच्या पायांनी नदीपर्यंत गेले. आता देवचाराचं देणं आलं.

भावजी वाळपईला टायर बघायला गेलेले असताना बायने कपाट उघडलं. तिने तीच घाणेरडी पोर्शे का उचलली हे तिने आम्हाला नंतर समजावून सांगितलं, आणि मला त्यात आजही चूक काढता येत नाही. बाकीच्या गाड्या कोऱ्या होत्या. कुठे गेलेल्या नव्हत्या, कुठून आलेल्या नव्हत्या. तेवढी एकच चिखलात माखलेली, म्हणजे धावलेली. देवाला चालणारी गाडी द्यायची की शोभेची?

बाय गाडी घेऊन चोपड्याला आली तेव्हा सखाराम आबाने ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली.

“ल्हान आसा गो.”

“माडाएवढो होता तो मुंगयेएवढो होवचो नाय?” बाय म्हणाली.

आबाला हे शास्त्राला धरून वाटलं. गाडी पेडीवर ठेवली. शेजारी रोट, विडी, सोऱ्याची म्हणजे दारूची बाटली. थोडा सोरो दादाने बॉनेटजवळ शिंपडला, पेट्रोलच्या हिशेबाने. मग कोंबो कापला. डोकं आबाच्या हातात राहिलं आणि धड सुटलं. ते धड रक्ताची पिचकारी उडवत पेडीला एक अख्खी फेरी मारून आलं, पोर्शेच्या नाकासमोर थांबलं आणि आडवं झालं. काचेवरच्या रंगवलेल्या किड्यांवर खरं रक्त पडलं.

“घेतली,” आबा म्हणाला. “आता ती तेची. शिमेच्या ह्या फातराच्या भायर गेली, तर दिल्लेले पाय तो परत घेता. दोनय.”

बायने मान डोलावली. तिला त्यात जास्त काही वाटलं नाही. कोण नेणार होतं?

रविवारी सकाळी भावजींनी दाढीचा मऊ ब्रश घेऊन कपाट उघडलं. धूळ झाडायचा त्यांचा तो वार. बाय अजून आमच्याकडेच होती. तिचा फोन वाजला आणि तिने तो स्पीकरवर टाकला, कारण ती मासे कापत होती.

“पोर्शे खंय आसा?”

“देवचाराक दिली. तुमच्या पायांचो नवस होतो.”

भावजींनी अगदी सभ्यपणे विचारलं, “कोण हो? खंयचो?”

“आमच्या शिमेवरचो.”

“तेच्याकडे काचेचा कपाट आसा?”

“झाडाखाली रवता तो.”

फोन बंद झाला. “येतत ते,” बाय म्हणाली आणि तिने सुरमईचं डोकं एका घावात उडवलं.

भावजी टिपर घेऊन आले. रस्त्यात आमच्या कुंपणाचा एक खांब लागला, तो त्यांनी थांबून नाही तर वरून पार केला. उतरले तेव्हा हातात चाकाचे नट सोडवायचा लांब पाना होता. काठी नव्हती. किती सुंदर चालत होते. मला क्षणभर बरं वाटलं.

जावई दारात आला की आधी पाणी. बायने तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला. भावजींनी गूळ खाल्ला, पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि पाना माझ्या तोंडावर मारला.

माझे दोन दात गुळाच्या बशीत पडले. राग माझ्यावर नव्हता. मी फक्त जवळ होतो.

“खंय रवता तो?” त्यांनी विचारलं.

मी लगेच दाखवलं. दात नसले तरी बोट असतं.

ते परत टिपरात चढून निघाले. आम्ही मागे धावलो. दादाने होडीतलं वल्हं उचललं. याचं एक कारण आहे, ते फौजदारालाही पटलं नव्हतं. आमच्यात जावयाला हात लावायचा नसतो. फार मोठं पाप. म्हणून वल्हं.

पेडीपाशी सखाराम आबा बसला होता. त्याने दोन्ही हात पसरून वाट अडवली आणि गाऱ्हाण्याच्या आवाजात सुरुवात केली, “बा जावया म्हाराजा”. एवढंच. भावजींनी त्याला मुंडाशाला धरून उचललं आणि नदीच्या बाजूच्या चिखलात फेकलं. तिथून तो पुढे बोलत राहिला, पण शब्द कळेनात.

भावजींनी पोर्शे हातात घेतली. बोटाने रक्त पुसून पाहिलं. वाळलं होतं. त्यांचा चेहरा मी एकदाच तसा पाहिला होता, बांबोळीला, भूल उतरताना. “रक्त,” ते म्हणाले. “चिखलार रक्त. मूळ गाडयेक रक्त नाय.” आणि ते दादाच्या अंगावर धावले.

पहिला पाना दादाच्या खांद्यावर बसला. दादा होडीवाला, त्याला खांदा दुसराही आहे. त्याने वल्ह्याचं टोक भावजींच्या पोटात घातलं. “भावजी, माफ करा हां,” तो म्हणाला. भावजी वाकले, उठले आणि त्यांनी दादाच्या दंडाचा लचका तोडला. एका हातात गाडी, ती डोक्याच्या वर धरलेली. म्हणजे मारामारीला एकच हात आणि तोंड. तरीही ते भारी पडत होते. मी मागून त्यांची कंबर धरली. त्यांनी कोपर मागे मारलं आणि माझं नाक गालाच्या बाजूला गेलं. “विठू, तू मदी येव नको रे,” ते म्हणाले, आणि परत मारलं. दादाने त्यांच्या पाठीवर वल्हं मारलं. “लागला, भावजी?” “नाय.” मग परत मारलं.

अखेर त्यांनी दादाला डोक्याने ढुशी दिली, दादा पेडीवर उताणा पडला, आणि भावजी गाडी छातीशी धरून शिमेच्या दगडाकडे चालू लागले. दगडापलीकडे रस्ता, रस्त्यावर टिपर. पुलावरून पर्यटकांच्या भाड्याच्या जीपगाड्या गाणी लावून जात होत्या. त्यातल्या एकाने आम्हाला हात हलवला.

“थांबयात तेका,” आबा चिखलातून ओरडला. “शीम ओलांडल्यान तर दोनय पाय जातले.”

बाय धावली आणि त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. “ठेवा ती. तुमचे पाय आसत ते. गाडी नाय ती, तुमचे पाय आसत.”

“बाजूक सर.”

ती सरली नाही. त्यांनी तिला खांद्याने ढकललं. ती दगडावर पडली, आणि दगड त्यांच्यापासून दोन पावलांवर राहिला.

दादाने विचार केला. त्याने विचार केला हे मी शपथेवर सांगितलं आहे. उजव्या मांडीत सळी, म्हणजे उजवा पाय लोखंडाचा. त्या पायावर वल्हं मारलं तर माणूस पडेल पण पाय मोडणार नाही. म्हणून त्याने उजव्यावर नेम धरला आणि सगळा जोर लावून वल्हं फिरवलं. नेमक्या त्याच वेळी भावजींनी डावा पुढे टाकला.

शहाळं फुटल्यासारखा आवाज आला. शेजारणीचं बरोबर होतं.

भावजी पडले. पडताना त्यांनी गाडीचा हात वर ठेवला, भरल्या ताटाचा ठेवतात तसा. नडगीचं हाड पँटीतून बाहेर आलं होतं, पांढरं, स्वच्छ. दादा वल्ह्याकडे बघत होता, जसं ते दुसऱ्या कुणाचं असावं.

भावजी बराच वेळ दातांतून श्वास घेत राहिले. मग त्यांनी सखाराम आबाला हाक मारली. आबा चिखल निथळत आला.

“आबा, करार काय होतो?”

“गाडी देवाची, पाय तुमचे.”

“माझो एक पाय गेलो. देवाच्या पेडयेकडे गेलो. म्हणजे तेणा परत घेतलो. खरा मा?”

आबा खाली बसला. कपाळावरचा चिखल खरवडत त्याने विचार केला. घाडी म्हणून त्याच्यावर जबाबदारी होती. “एक पाय देवान घेतलो,” तो हळूहळू म्हणाला. “म्हणजे अर्दो नवस मोडलो. अर्दी गाडी देवाची. अर्दी तुमची.”

“माझ्याकडे करवत आसा,” दादा म्हणाला. त्याला मदत करायची होती.

भावजी तेव्हा किंचाळले. हाड बाहेर आलं तेव्हा नव्हते किंचाळले. त्यांनी गाडी शर्टाच्या आत घातली, पोटाशी, आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. मग उजवा पाय सरळ केला आणि आमच्यासमोर पसरला.

“हो दुसरोय मोड,” ते दादाला म्हणाले.

“भावजी, काय बोलतात?”

“दोनय पाय गेले म्हणजे नवस पुरो मोडलो. गाडी पुरी माझी. मोड.”

“जावयाचे दोन पाय?” दादा म्हणाला. “लोक काय म्हणतले? एक चुकान मोडलो म्हणान सांगाक येता.” त्याने वल्हं लांब फेकून दिलं. मी पाठ वळवली. माझ्या नाकातून इतकं रक्त येत होतं की मला कुणी विचारलंच नाही.

बाय उठली. तिचं कोपर फुटलं होतं. ती येऊन त्यांच्या पायाशी बसली, रोज तेल चोळायला बसायची तशीच, एक गुडघा मुडपून.

“तुमका पाय नको?” तिने विचारलं.

“पाय सगळ्यांक आसत गो,” भावजी म्हणाले. आवाज थकलेला होता, समजावणारा, जवळजवळ प्रेमाचा. “ही कोणाक आसा?”

बायने त्यांच्या उजव्या पायाकडे पाहिलं. पँट थोडी वर सरकवली. पोटरीवरचे टाक्यांचे जुने वण होते, त्यांवर ती अंगठा फिरवत गेली, वरून खाली, खालून वर. मला वाटलं ती रडणार. दादालाही वाटलं असावं, कारण त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“आबा,” ती म्हणाली, “दोनय गेले तर नवस मोडता? माझ्यार काय रवता?”

“तुझ्यार काय रवणा नाय. तूय मोकळी, देवय मोकळो.”

तिने पेडीचा कडेचा एक चिरा हलवून पाहिला. सुटा होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला. चिरा जड असतो. दोन बाप्ये लागतात. ती तो पोटाशी धरून आली.

“सळी आसा थंय,” दादा चटकन म्हणाला. त्याला वाटलं हे ऐकून ती थांबेल. “मोडूचो नाय तो.”

“सळी गुडघ्याच्या वयर संपता,” बाय म्हणाली. “माका म्हायत आसा खंय संपता ती.”

आणि तिने चिरा सोडला.

या वेळी शहाळ्यासारखा आवाज आला नाही. ओला आवाज आला. भावजींचं डोकं मागे पडलं, तोंड उघडलं, पण दोन्ही हात पोटावरून हलले नाहीत. शर्टाच्या आत गाडीचं एक चाक कट कट करत फिरलं आणि थांबलं.

बायने हातावरची लाल माती झटकली. देवचाराच्या जागेच्या पाया पडली. सखाराम आबा हात जोडून काहीतरी पुटपुटला, पहिल्यांदाच हळू.

रुग्णवाहिका मीच बोलावली. ती पुलावरून आली, वाट काढत. आतल्या माणसाने एक पाय बघितला, दुसरा बघितला, माझं तोंड बघितलं, दादाचा दंड बघितला आणि विचारलं की नेमकं काय झालं. दादा म्हणाला, पडले. आबा म्हणाला, देवचार. मी म्हणालो ते कुणाला कळलं नाही. भावजींना स्ट्रेचरवर घेताना त्या माणसाने त्यांच्या पोटावरचे हात सोडवायचा प्रयत्न केला. भावजी त्याला चावायला उठले, पण उठता आलं नाही.

“घरचं एक माणूस सोबत लागतं,” तो दार धरून म्हणाला. “बायको कोण?”

सगळ्यांनी बायकडे पाहिलं. ती शिमेच्या दगडाच्या अलीकडे उभी होती, पदराने कोपराचं रक्त पुसत. भावजींनीही मान वळवून पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

“सोबत गाडी आसा मा तेंच्या,” बाय म्हणाली, आणि अर्धवट कापलेली सुरमई उन्हात खराब होईल म्हणून घराकडे वळली.